कमी गोडाचा सफरचंद क्रंबल: ज्वारी, ओट्स आणि दाण्याच्या कुटाचा

क्रंबल ‘हेल्दी’ करायचा म्हटलं की पहिली कात्री तुपा-बटरला लागते, आणि तिथेच तो बिघडतो. साखर निम्म्याहून कमी करता येते, मैदा पूर्ण काढता येतो. पण वरच्या चुऱ्यातलं तूप एका मर्यादेखाली गेलं की ओव्हनमधून बाहेर येतं ते सफरचंदाच्या गरावर भुरभुरलेलं कोरडं पीठ. म्हणून या कृतीत कात्री साखरेला आहे, तुपाला नाही.

ज्यांनी क्रंबल केलेला नाही त्यांच्यासाठी: खाली कापलेलं फळ, वर पीठ, साखर आणि बटर चोळून केलेला खडबडीत चुरा, आणि हे सगळं एकाच भांड्यात भाजायचं. लाटणं नाही, फेटणं नाही, अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. पदार्थ ब्रिटिश आहे आणि तो तिथे घराघरात रुजला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 8 जानेवारी 1940 पासून तिथे बटर आणि साखर रेशनवर गेली. ‘पाय’ (pie), म्हणजे लाटलेल्या आवरणात फळ भरून भाजलेला पदार्थ; त्याचं आवरण करायला पीठ आणि बटर दोन्ही जास्त लागायचं, त्याऐवजी वर थोडा चुरा पसरून काम भागायचं. म्हणजे हा मुळात काटकसरीचा पदार्थ. आज मिळणाऱ्या कृतींमध्ये मात्र दोन भाग मैदा, एक भाग बटर, एक भाग साखर असं सरसकट प्रमाण असतं, शिवाय फळावर वेगळी साखर. सहाजणांसाठी केला तर माणशी 25 ग्रॅमच्या आसपास साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेचं जे कमी प्रमाण सुचवलं, ते अख्ख्या दिवसाचं साधारण एवढंच आहे. खाली दिलेल्या प्रमाणात माणशी आठेक ग्रॅम गूळ येतो.

सफरचंद कुठलं घ्यायचं

अर्धी लढाई इथेच आहे. बाजारात सर्वात जास्त दिसणारं लालभडक डिलिशस कच्चं खायला छान, पण भाजलं की पिठूळ होतं आणि त्यात आंबटपणा जवळजवळ नसतोच. आंबटपणा नसला की पदार्थ नुसता गोडमिट्ट लागतो आणि आपण दालचिनी वाढवत बसतो. भाजायला उत्तम ते पिवळसर गोल्डन डिलिशस. फोडीचा आकार टिकतो, साल पातळ असते, आणि हिमाचलच्या हंगामात ते लालपेक्षा बरेचदा स्वस्त मिळतं, कारण गिऱ्हाईक रंग बघून घेतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट आणि घट्ट, पण आयात केलेलं आणि महाग. दोन भाग गोल्डन आणि एक भाग ग्रॅनी स्मिथ हे मिश्रण मला सर्वात जमून येणारं वाटतं. दोन्ही नसतील तर किन्नौरचं घट्ट लाल सफरचंद घ्या आणि लिंबाचा रस दीडपट करा.

हिमाचलचा माल साधारण जुलै अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, काश्मीरचा सप्टेंबरपासून पुढे. मार्च ते मेमध्ये हातात येतं ते शीतगृहातलं. ते वाईट नसतं, पण घेण्याआधी एक कापून खाऊन बघा. दाताखाली करकर न वाजता भुसभुशीत लागलं तर ते ओव्हनमध्ये लगदाच होणार. अशा सफरचंदांचा क्रंबल करू नका, थोडं पाणी घालून शिजवून मुरांबा करा.

साल ठेवायची का? चोथा सालीतच जास्त: सालीसकट 100 ग्रॅम सफरचंदात साधारण अडीच ग्रॅम, सोलल्यावर निम्म्याच्या थोडा वर. गोल्डनची साल खुशाल ठेवा. लाल डिलिशसची साल जाड आणि किंचित कडवट असते, भाजल्यावर गर सोडून सुटते आणि तोंडात चिवट पट्टी येते. ती सोला, किंवा एक पट्टा सोलून एक ठेवा. चमकणाऱ्या फळांवर मेणाचा थर असतो, त्यामुळे सालीसकट वापरताना कोमट पाण्यात धुऊन फडक्याने खसाखसा पुसून घ्या.

फळाचा थर

20 सेंटिमीटरच्या चौकोनी, 5 सेंटिमीटर खोल भांड्याला 750 ग्रॅम सफरचंदं लागतात, म्हणजे मध्यम पाच. बिया-देठ काढून साडेसहाशे ग्रॅम फोडी उरतात. फोडी एक सेंटिमीटर जाडीच्या. पातळ काप केले तर वरचा चुरा होईपर्यंत खाली सॉस होतो, आणि जाड ठेवले तर मध्ये कच्चे राहतात. कापता कापता एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, लिंबाचा रस चोळत जा. फोडी काळ्या पडत नाहीत, आणि गूळ कमी असताना चव उभी राहते ती या आंबटपणावरच.

त्यात 20 ग्रॅम गुळाची पावडर, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ आणि चिमूटभर मीठ. वेलदोडा घालायचा मोह होतो, पण दालचिनी, जायफळ आणि वेलदोडा तिन्ही एकत्र आले की वास थेट पुरणपोळीकडे जातो. म्हणून फळात वेलदोडा नको.

सफरचंदात 85 टक्के पाणी असतं आणि गूळ लागला की ते सुटायला लागतं. म्हणून हे मिश्रण भांडं ओव्हनमध्ये जायच्या पाचच मिनिटं आधी करा. गूळ घालून अर्धा तास ठेवलं तर तळाशी रस साचतो, तोच उकळून वर चढतो आणि चुरा खालून लापशीसारखा होतो. चुकून तसं झालंच तर रस ओतून देऊ नका, चवही त्यातच गेलेली असते. कढईत एक-दोन चमचे उरेपर्यंत आटवा आणि फोडींवर परत घाला.

फळाबद्दल शंका असेल, म्हणजे सफरचंद मऊ वाटत असेल, तर फोडी आधी कढईत झाकण न ठेवता अगदी मंद आचेवर दहा मिनिटं गरम होऊ द्या. उकळायच्या नाहीत, बोट लावलं तर चटका बसेल इतपतच. 60 ते 70 अंशांच्या दरम्यान सफरचंदातलं एक एन्झाइम पेक्टिनला, म्हणजे फोडीला घट्टपणा देणाऱ्या घटकाला, जास्त घट्ट बांधतं, आणि मग पुढच्या उष्णतेत फोड फुटत नाही. थोडं पाणीही इथेच उडून जातं.

वरचा चुरा

80 ग्रॅम रोल्ड ओट्स, 50 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 40 ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, 30 ग्रॅम गुळाची पावडर, पाव छोटा चमचा मीठ, 50 ग्रॅम थंड रवाळ तूप आणि शिंपडायला दोन-तीन छोटे चमचे थंड दूध.

ओट्स रोल्डच हवेत, म्हणजे चपट्या, पूर्ण दिसणाऱ्या पाकळ्यांचे. दोन मिनिटांत शिजणारे इन्स्टंट ओट्स बारीक कापलेले असतात, फळाची वाफ लागली की त्यांची पेज होते. मसाला ओट्सच्या पाकिटाबद्दल काही बोलायला नकोच.

ज्वारीच्या पिठाचा फायदा असा की त्यात ग्लुटेन नाही. कितीही चोळलं तरी चुरा चिवट होत नाही. कणकेचा होतो, कारण दूध लागलं की ती मळली जायला लागते. तोटा असा की नुसत्या ज्वारीचा चुरा वाळूसारखा राहतो, गोळे धरत नाही, आणि कच्चट वास येतो. पहिल्या अडचणीला ओट्स आणि कूट उपयोगी पडतात. दुसरीवर उपाय आपल्याला लाडू करताना माहीत असतोच: पीठ कोरडंच, मंद आचेवर चार-पाच मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजायचं. रंग बदलू द्यायचा नाही, तो ओव्हनमध्ये येणार आहे. आणि भाजलेलं पीठ पूर्ण थंड झाल्याशिवाय तुपाजवळ न्यायचं नाही. नाचणीचं पीठ चालतं, पण ते आधीच तपकिरी असल्यामुळे चुरा झाला की करपला हे डोळ्यांनी कळत नाही, आणि ते दूधही जास्त पितं. नाचणी घ्यायचीच तर निम्मी ज्वारी, निम्मी नाचणी.

दाण्याचं कूट इथे फक्त चवीला नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे वरून घालायचं तूप थोडं कमी करता येतं. कूट मात्र जाडसर हवं. मिक्सर एकसारखा फिरवला तर तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबून-थांबून फिरवा. घरात कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया जाडसर कुटून घ्या. सुकं खोबरंही चालतं, पण ते सर्वात आधी करपतं.

आता तूप. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्ध आणि सोळाएक टक्के पाणी असतं, तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून बटरच्या कृतीत तूप वापरायचं तर वजनाने पाचातला एक भाग कमी घ्यायचा: इथलं 50 ग्रॅम तूप म्हणजे साधारण 62 ग्रॅम बटर. पण बटरमधलं ते पाणी गोळे धरायला मदत करतं. तुपात ते नाही, म्हणून थंड दुधाचा शिपका लागतो.

तूप फ्रिजमध्ये घट्ट करून घ्या. करंजी-शंकरपाळ्यांचं मोहन कडकडीत घालतो, इथे बरोबर उलट. वितळलेलं तूप पिठाच्या प्रत्येक कणाला सारखं लागतं आणि सगळा चुरा एकसारखा भुगा होतो. थंड तुपाचे छोटे खडे तसेच राहतात आणि भाजताना त्यांच्याभोवती कुरकुरीत गाठी धरतात. कोरडे जिन्नस एकत्र करून त्यात तूप बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्याने नको, तळवा गरम असतो. दोन मिनिटं पुरेत. मग दूध शिंपडून काट्याने हलवा. ओळखायची खूण: मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचलं की मोडला पाहिजे. वळतच नसेल तर दूध अजून अर्धा चमचा, मोडतच नसेल तर मूठभर ओट्स. हा चुरा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात सफरचंदं कापून होतात.

तूप 40 ग्रॅमच्या खाली नेऊ नका. ऑलिव्ह तेल किंवा दही घालून ते ‘हलकं’ करायच्या कृती फिरत असतात. तेलाने चुरा तेलकट भुगा होतो, दह्याने मऊ बिस्किटासारखा चिकटतो. कमी तूप हवं असेल तर चुराच कमी करा, निम्म्या भांड्यावर पसरा आणि फळ उघडं राहू द्या. तो खरा हलका पदार्थ.

गुळाबद्दल भ्रम नको. उष्मांकात गूळ आणि साखर जवळपास सारखेच. गूळ वापरायचा तो चवीसाठी, आणि त्याची चव गडद असल्यामुळे कमी पुरतो म्हणून. तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणून गुळाचा क्रंबल साखरेच्या क्रंबलपेक्षा लवकर मऊ पडतो. ढेपेचा ओलसर गूळ किसून घालू नका, चुऱ्यात चिकट गाठी होतात. कोरडी पावडरच घ्या. गोडीच्या गोळ्या-पावडरींपैकी सुक्रॅलोज उष्णतेत गोड राहतं, पण त्याने रंग आणि कुरकुरीतपणा येत नाही, आणि अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेत जाते. मधुमेह असलेल्या माणसासाठी करताना मी फळातला गूळ पूर्ण काढेन, चुऱ्यातला 30 ग्रॅम तसाच ठेवेन आणि वाढताना वाटी लहान घेईन. सफरचंदाची स्वतःची साखर 100 ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास असते, ती कुठेही जात नाही.

भाजणं

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, 180 अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधी तापवा. पंखा असेल तर 165 ते 170. भांडं काचेचं किंवा सिरॅमिकचं. साध्या ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये आंबट फळ भाजलं की धातूची चव उतरते. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं. चुरा गार हवा, भांडं नाही.

फोडी पसरा, वर चुरा मोकळ्या हाताने टाका. दाबायचा नाही. दाबला की वाफेला वाट राहत नाही आणि मधला थर कच्च्या पिठाचा राहतो. जाडी दीड सेंटिमीटरच्या वर नको. थोडा चुरा उरला तर उरू द्या.

मधल्या जाळीवर 35 ते 40 मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड अगदी जवळ येतो आणि विसाव्या मिनिटालाच ओट्सची टोकं काळी पडायला लागतात, कारण गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो. तसं दिसलं तर भांडं एक खाच खाली घ्या आणि वर ॲल्युमिनियम फॉइलचा कागद नुसता ठेवा, कडा गुंडाळू नका. गुंडाळल्या तर आत वाफ कोंडते आणि सगळी मेहनत पाण्यात.

झालं हे रंगावरून ठरवू नका, बुडबुड्यांवरून ठरवा. कडेचे बुडबुडे लवकर येतात, त्यांना अर्थ नाही. भांड्याच्या मध्यातून दाटसर, सावकाश फुटणारे बुडबुडे यायला हवेत, कारण कॉर्नफ्लोअर पूर्ण घट्ट व्हायला जवळजवळ उकळीची उष्णता लागते. सुरी मध्ये खुपसली तर सफरचंदात हलक्या विरोधाने शिरावी.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना रस पातळच दिसतो, निवताना तो पेक्टिन आणि कॉर्नफ्लोअरने धरतो. ‘पाणी सुटलं’ ही तक्रार बरेचदा या वीस मिनिटांचीच असते.

सहाजणांत वाटला तर माणशी साधारण 280 किलोकॅलरी आणि चार-पाच ग्रॅम चोथा पडतो. वर आइस्क्रीम घातलं तर हा हिशेब विसरा. त्यापेक्षा चक्का: दही चार तास टांगून, अगदी थोडी वेलदोड्याची पूड घालून फेटायचं, गोड काही घालायचं नाही. गरम फळावर तो गार आंबटपणा आइस्क्रीमपेक्षा चांगला लागतो, हे मी वाद घालून सांगायला तयार आहे. वेलदोड्याची हौस इथे भागवा.

ओव्हन नसेल तर

मीठ पसरलेल्या कढईत केक होतो, क्रंबल होत नाही. कढईत उष्णता खालून येते आणि झाकणाची वाफ चुऱ्यावर पडते. साध्या मायक्रोवेव्हचंही तेच. त्यापेक्षा दोन्ही भाग वेगळे करा. फोडी, लिंबू, गूळ, मसाला आणि दोन चमचे पाणी कढईत झाकून सात-आठ मिनिटं शिजवा, शेवटी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला आणि दाट होऊ द्या. चुरा जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, मोठ्या गाठी मोडू न देता, उलथन्याने परतत सोनेरी करा. गूळ मात्र गॅस बंद केल्यावर घालायचा, आधी घातला तर तव्याला लागून कडू होतो. वाढायच्या वेळी फळावर चुरा. ओव्हनच्या क्रंबलमध्ये चुऱ्याचा खालचा थर रस पिऊन मऊ झालेला असतो, ती मजा यात नाही, पण कुरकुरीतपणा थोडा जास्तच.

दुसरी फळं

जून-जुलैतले आलुबुखार या पदार्थाला सफरचंदाइतकेच चांगले. गूळ दहा ग्रॅम वाढवा, लिंबू काढून टाका. नाशपाती घट्ट असतानाच घ्या. पेरू करून बघण्यासारखा आहे: पेक्टिन भरपूर असल्यामुळे कॉर्नफ्लोअर लागत नाही, पण बियांचा गाभा काढून टाकायलाच हवा, भाजल्यावर बिया अजून टणक लागतात. पुरंदरचे ताजे अंजीर फार सुरेख होतात, फक्त अर्धे चिरून, गूळ अजिबात न घालता, लिंबू दुप्पट, आणि वेळ 25 मिनिटं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला पाणी इतकं सुटतं की अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर लागतं. निम्मं सफरचंद मिसळलं तर सोपं जातं. चिकू आणि पपई नको, एकात आंबटपणा नाही, दुसऱ्यात आंबटपणाही नाही आणि पाणीही फार. हापूस भाजणं म्हणजे त्याचा वास चिमणीतून घालवणं.

उरलेला क्रंबल फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, 160 अंशांवर दहा-बारा मिनिटं ओटीजीतच, म्हणजे चुरा परत खुटखुटीत होतो. फ्रिजमधलं काचेचं भांडं आधी बाहेर अर्धा तास ठेवा. खरी सोय कच्च्या चुऱ्याची आहे: दुप्पट करून अर्धा डबाबंद करून फ्रीझरमध्ये टाकला तर दोन महिने टिकतो, आणि तो वितळू न देता तसाच फळावर पसरायचा. वेळ फक्त पाच मिनिटं जास्त द्यायची.